मोटार लहान की मोठी, हे कोण ठरवते?

सोलापूर शहराच्या दक्षिणेला, विजापूर रस्त्याच्या बाजूने पसरलेली वस्ती म्हणजे जुळे सोलापूर. १९९२ च्या हद्दवाढीनंतर या भागात वसाहती वाढत गेल्या. शिक्षक, बँकेतले कर्मचारी, निवृत्त सरकारी नोकर अशा मंडळींनी घरे बांधली. या घरांच्या अंगणात आधी स्कूटर आली, मग मोटार आली. आणि मोटार घ्यायचे ठरले की शाळेच्या शिक्षककक्षात एक चर्चा हमखास रंगते. छोटी, मागे उघडणाऱ्या दरवाजाची हॅचबॅक घ्यावी, की तिच्याहून जराशी मोठी, स्वतंत्र डिकी असलेली गाडी घ्यावी? तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर ही ठिकाणे जवळची. छोटी पुरेल. पण दिवाळीत पुण्याला जाताना आजी-आजोबा, दोन मुले आणि फराळाचे डबे कुठे बसवायचे?

या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. लहान गाडी म्हणजे काय आणि मोठी म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक आहे, असे आपण मानतो. ‘लहान’ हे विशेषण आहे. विज्ञानाच्या तासाला आपण मुलांना लगेच विचारतो, “कशाच्या मानाने लहान? कशात मोजले?” मोटारीबाबत हाच प्रश्न विचारला तर उत्तर अनपेक्षित ठिकाणी जाते. लहान-मोठ्याची रेघ कुटुंबाच्या गरजेने क्वचितच आखली आहे. बहुतेक वेळा ती परकीय चलन, पेट्रोल, पोलाद आणि कर यांनी आखली, आणि अभियंत्यांनी त्या रेघेच्या अगदी काठापर्यंत गाड्या आणून ठेवल्या. या इतिहासाची भारतातली सुरुवात एका सोलापूरकरापासूनच होते.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. वालचंद आणि हिराचंद नेमचंद ही नावे सोलापुरातल्या महाविद्यालयांच्या पाट्यांवर विद्यार्थी रोज वाचतात. पण त्यांतल्या वालचंदांनी देशात मोटारींचा कारखाना काढला, हे पुष्कळांना माहीत नसते. घरचा व्यवसाय सराफीचा आणि व्यापाराचा होता. तो सोडून त्यांनी लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतल्या कारकुनाशी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या बांधकामापासून ठेकेदारी सुरू केली. पुढे १९१९ मध्ये सिंदिया ही जहाज कंपनी, १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीची गोदी असे एकामागून एक उद्योग त्यांनी काढले. मोटारींचा कारखाना हा त्याच मालिकेतला.

भारतात मोटारी बनवाव्यात ही कल्पना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकात तपशीलवार मांडली होती. मुंबई प्रांतातल्या बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळानेही तिला पाठिंबा दिला. वालचंदांनी ती उचलली आणि १९४० मध्ये अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीशी करार केला. गंमत अशी की मोटारीच्या खटपटीसाठी ते अमेरिकेच्या प्रवासाला गेले असताना विल्यम पॉली या विमानव्यवसायातल्या गृहस्थाशी त्यांची ओळख झाली, आणि मोटारीच्या आधी विमानाचाच कारखाना उभा राहिला! महायुद्धाच्या काळात मोटारीच्या योजनेला ब्रिटिश सरकारने हात दिला नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या.

कोणत्या गाड्या? क्रायस्लरच्या, म्हणजे डॉज, प्लिमथ आणि डिसोटो. या अस्सल अमेरिकन गाड्या होत्या. लांबी पाच मीटरच्या आसपास, सहा सिलिंडरचे सुमारे साडेतीन लिटरचे एंजिन, समोर तीन माणसे आरामात बसतील असे सोफ्यासारखे आसन. ज्या देशात पेट्रोल जमिनीतून निघते आणि रस्ते मैलोन्‌मैल सरळ धावतात, त्या देशासाठी त्या बनवलेल्या होत्या. भारतात पेट्रोल बोटीने येत होते, सुटे भागही बोटीने येत होते आणि दोन्हींची किंमत परकीय चलनात मोजावी लागत होती.

त्यामुळे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रीमियरने दुसरा भागीदार शोधला. तो होता इटलीतील तुरिनचा फियाट. पहिल्यांदा आली ती फियाट ५००. इटालियन लोक तिला ‘तोपोलिनो’ म्हणत, म्हणजे छोटा उंदीर. लांबी जेमतेम सव्वातीन मीटर, एंजिन ५७० सीसीच्या आसपास, जागा दोघांची. एकाच कंपनीच्या नावाखाली पाच मीटरची डॉज आणि सव्वातीन मीटरची तोपोलिनो! लहान की मोठी हा प्रश्न इतक्या टोकाला जाऊन भारतात पुन्हा कधी विचारला गेला नसेल.

दोन्ही टिकल्या नाहीत. डॉज सरकारला परवडण्यासारखी नव्हती आणि तोपोलिनो भारतीय कुटुंबाला पुरण्यासारखी नव्हती. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली की, ज्यांच्याकडे गाडीचे भाग इथेच बनवण्याचा कार्यक्रम आहे अशाच कंपन्यांना पुढे जाऊ द्यावे. नुसती जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड या कंपन्यांनी त्यानंतर भारतातला गाशा गुंडाळला. बाजार इतका लहान होता की प्रत्येक कंपनीने एखादेच मॉडेल मोठ्या संख्येने बनवावे, यातच शहाणपण होते. प्रीमियरने १९५४ मध्ये फियाट ११०० निवडली. इटालियन भाषेत ‘मिलेचेंतो’ म्हणजे अकराशे. एंजिनाच्या आकारावरूनच तिचे नाव पडले होते. कोलकात्याच्या हिंदुस्थान मोटर्सने इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून १९५७-५८ च्या सुमारास अ‍ॅम्बेसेडर आणली.

पुढची पंचवीस वर्षे मध्यमवर्गीय भारतीयापुढे मुख्य निवड हीच राहिली. फियाट की अ‍ॅम्बेसेडर? फियाटचीच पुढे १९६४ मध्ये ‘डिलाइट’ झाली, १९७० च्या दशकात ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि मग चितोडच्या राणीच्या नावावरून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. ती सुमारे ३.९३ मीटर लांब आणि १.४६ मीटर रुंद, तर अ‍ॅम्बेसेडर ४.३ मीटरहून थोडी अधिक लांब आणि सुमारे १.६७ मीटर रुंद. फियाटचे एंजिन १०८९ सीसीचे, अ‍ॅम्बेसेडरचे १४८९ सीसीचे. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी फियाट पसंत केली, कोलकात्याच्या टॅक्सीवाल्यांनी अ‍ॅम्बेसेडर. अर्थात ‘निवड’ हा शब्द इथे जरा सैलपणेच वापरला आहे. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागत असे आणि जी हातात येईल ती गाडी पेढे वाटून घरी आणली जात असे.

याच काळात आपल्या महाराष्ट्रात एका माणसाने लहान गाडीचा प्रश्न अगदी मुळातून सोडवायचा प्रयत्न केला. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून ‘मीरा’ नावाची छोटी मोटार स्वतः रचून बनवली आणि दोन दशके तिच्या नव्या नव्या आवृत्त्या काढल्या. स्वस्त मोटार बनवावी असे सरकारी समित्याही म्हणत होत्या. १९५९-६० मध्ये एल. के. झा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे हा विषय होताच. पण मीरेला कारखाना मिळाला नाही. इचलकरंजीच्या रस्त्यांवर धावलेली ती गाडी आज आठवणीपुरती उरली आहे. परवाना पद्धतीच्या इतिहासावर बोलताना हे उदाहरण वर्गात जरूर सांगावे.

आता थोडा वेळ इंग्लंडमध्ये जाऊ, कारण लहान गाडीत मोठी जागा कशी निर्माण करायची याचे उत्तर तिथे सापडले.

१९५६ मध्ये इजिप्तने सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. युद्ध झाले, कालवा बंद पडला, आणि ब्रिटनमध्ये पेट्रोलची शिधापत्रिका सुरू झाली. लोक तीन चाकी, फुग्यासारख्या दिसणाऱ्या जर्मन गाड्या घेऊ लागले. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांना ते पाहवेना. त्यांनी अ‍ॅलेक इसिगोनिस या अभियंत्याला सांगितले, नीट चार चाकांची, चार माणसांची छोटी मोटार कर. इसिगोनिसने आधी मॉरिस मायनर ही गाडी रचली होती. तीच आपल्याकडे ‘बेबी हिंदुस्थान’ म्हणून आली होती.

इसिगोनिसने लांबीची मर्यादा घालून घेतली ती दहा फुटांची, म्हणजे ३.०५ मीटर. त्यातला बहुतेक भाग माणसे आणि सामान यांना मिळाला पाहिजे, हा त्याचा हट्ट. मग एंजिनाने किती जागा घ्यायची? त्या काळच्या गाड्यांत, म्हणजे आपल्या फियाट आणि अ‍ॅम्बेसेडरमध्येही, एंजिन लांबीच्या दिशेने उभे असे. त्याच्या मागे गिअरपेटी आणि तिथून एक लांब दांडा गाडीच्या पोटाखालून मागच्या चाकांपर्यंत जात असे. फियाटच्या मागच्या आसनावर मध्ये बसलेल्या मुलाच्या पायांत येणारा उंचवटा याच दांड्याचा. इसिगोनिसने एंजिन नव्वद अंशांनी फिरवून आडवे ठेवले, गिअरपेटी त्याच्या खालीच तेलाच्या टाकीत बसवली आणि शक्ती पुढच्याच चाकांना दिली. लांब दांडा गेला, उंचवटा गेला. चाकेही दहा इंचांची, त्यामुळे चाकांच्या कमानी आसनांच्या जागेत शिरत नाहीत. १९५९ च्या ऑगस्टमध्ये ‘मिनी’ बाजारात आली. गाडीच्या तळाचा सुमारे ८० टक्के भाग प्रवासी आणि सामान यांच्या वाट्याला आला.

बाहेरची लांबी आणि आतली जागा यांचे नाते इथे सुटले. तोपर्यंत ‘मोठी गाडी म्हणजे जास्त जागा’ हे सूत्र ढोबळमानाने खरे होते. मिनीनंतर ते खरे राहिले नाही. थोड्याच दिवसांत फ्रान्समध्ये रेनॉ ४ ही गाडी १९६१ मध्ये आली. तिच्या मागच्या बाजूला वरून उघडणारा पाचवा दरवाजा होता आणि सामानाची जागा प्रवाशांच्याच खोलीत सामावली होती. हॅचबॅकची कल्पना अशी घराघरांत पोहोचली. मागचे आसन दुमडले की तीच जागा सामानाला. म्हणजे एकाच घनफळाचा दोन वेळा उपयोग. पण त्याची दुसरी बाजूही आहे. सामानाची आणि माणसांची हवा एकच असल्यामुळे वातानुकूलन यंत्राला सगळीच हवा थंड करावी लागते. सोलापूरच्या मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर असतो तेव्हा छोट्या एंजिनाच्या गाडीत हे जाणवते, कारण यंत्राला लागणारी दोन-चार अश्वशक्ती छोट्या एंजिनाच्या एकूण शक्तीचा मोठा वाटा असते.

आपल्याकडे हे सगळे एकदम आले ते १४ डिसेंबर १९८३ रोजी, मारुती ८०० च्या रूपाने. आडवे एंजिन, पुढची चाके फिरवणारी शक्ती, मागे उघडणारा दरवाजा. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे एंजिन आणि सुमारे ६५० किलो वजन. पद्मिनीपेक्षा ही गाडी साठ-सत्तर सेंटिमीटरने आखूड होती, तरी चार माणसे तिच्यात बसत. जी लांबी कमी झाली ती बॉनेटमधली आणि डिकीमधली.

पण मारुती नेमकी तेवढीच आखूड का? याचे उत्तर दिल्लीत नाही, टोकियोत आहे. जपानने महायुद्धानंतर ‘केई’ म्हणजे हलक्या मोटारींचा एक वर्ग कायद्याने ठरवला आणि त्यांना करात सवलत दिली. मर्यादा काळानुसार बदलत गेल्या. १९७६ पासून लांबी ३.२० मीटर, रुंदी १.४० मीटर आणि एंजिन ५५० सीसी, अशी चौकट होती. सुझुकीने या चौकटीत बसवलेल्या गाडीलाच निर्यातीसाठी मोठे एंजिन दिले, आणि १९८२ च्या करारानंतर तीच भारतात आली. म्हणजे सोलापूरच्या डॉक्टरांनी आणि मास्तरांनी अभिमानाने घेतलेल्या पहिल्या मारुतीची लांबी जपानी करखात्याने ठरवली होती! जपानमधल्या अरुंद गल्ल्यांना योग्य असलेले माप इथल्या कुटुंबालाही चालून गेले, हा निव्वळ योगायोग.

मारुती हलकी होती, म्हणून कमी पेट्रोल पीत असे. हलकेपणाची किंमतही होती, आणि ती वर्गात मोजून दाखवता येते. ६५० किलोची मारुती आणि ११५० किलोची अ‍ॅम्बेसेडर प्रत्येकी ताशी ५० किलोमीटर वेगाने समोरासमोर आदळल्या आणि एकमेकींत रुतून बसल्या, असे समजा. संवेगाच्या अक्षय्यतेनुसार दोन्हींचा मिळून वेग ५०० × ५० ÷ १८००, म्हणजे अंदाजे ताशी १४ किलोमीटर राहील, आणि तो अ‍ॅम्बेसेडरच्या दिशेने असेल. अ‍ॅम्बेसेडरचा वेग ५० वरून १४ वर आला, फरक ३६. मारुतीचा ५० वरून उलट्या दिशेने १४, म्हणजे फरक ६४. माणसाला इजा होते ती वेगातल्या या अचानक फरकाने. एकाच अपघातात हलक्या गाडीतल्या माणसाला पावणेदोनपट धक्का बसतो. ‘मोठी गाडी सुरक्षित’ या लोकसमजुतीचा आधार एवढाच, आणि तो खरा आहे. मात्र त्यात लांबी कुठेच येत नाही, येते ते वस्तुमान. शिवाय धक्का किती अंतरात आणि किती वेळात शोषला जातो हे गाडीच्या रचनेवर ठरते. जुनी अ‍ॅम्बेसेडर जड होती, पण तिचा सुकाणूचा ताठ दांडा चालकाच्या छातीसमोर असे आणि सुरुवातीच्या गाड्यांत पट्टेही नसत. आजच्या गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चुरगळेल असा बनवतात आणि माणसांची पेटी कडक ठेवतात. त्यामुळे जुन्या जड गाडीपेक्षा नवी हलकी गाडी पुष्कळदा अधिक सुरक्षित असते. २०२४ मध्ये चार मीटरच्या आतल्या डिझायरला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत मोठ्या प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले. हे डिझायर प्रकरण पुढे येणारच आहे.

मारुतीनंतर भारतात गाड्यांचे प्रकार वाढले. १९९८ च्या डिसेंबरात टाटांनी पुण्यात बनवलेली इंडिका आणली. २००२ मध्ये तिलाच डिकी जोडून इंडिगो केली. इंडिगो ४.१५ मीटर लांब होती. इथपर्यंत लहान-मोठे हे गिऱ्हाईक आणि कारखानदार यांच्यातले प्रकरण होते.

२८ फेब्रुवारी २००६ रोजी अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी अर्थसंकल्प मांडला. लहान मोटारींच्या उत्पादनाचे भारत हे जगातले केंद्र व्हावे या हेतूने लहान मोटारीवरचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. पण कायद्यात ‘लहान’ हा शब्द नुसता लिहून चालत नाही. त्याची व्याख्या करावी लागते. व्याख्या अशी झाली: लांबी ४००० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी, आणि एंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० सीसी, डिझेलचे असल्यास १५०० सीसीपेक्षा जास्त नसावे. ४००० ही पूर्ण संख्या आहे, एवढेच तिच्याबद्दल सांगता येते. ३९०० किंवा ४१०० का नाही, याला पदार्थविज्ञानात उत्तर नाही.

रेघ आखली गेली आणि कात्री चालू झाली. २००८ च्या जानेवारीत टाटांनी इंडिगो सीएस आणली. तीच इंडिगो, पण डिकी आखूड करून लांबी ३९८८ मिलिमीटर. स्वतंत्र डिकी असलेली आणि तरीही कायद्याने ‘लहान’ ठरणारी ही पहिली गाडी. मारुतीची डिझायर २००८ मध्ये ४१६० मिलिमीटरची होती. २०१२ मध्ये ती ३९९५ मिलिमीटरची होऊन आली. म्हणजे १६५ मिलिमीटर कापले. कुठून कापले? पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर तर २३९० वरून २४३० मिलिमीटरपर्यंत वाढले होते! तेव्हा कात्री लागली ती मागच्या चाकांच्या मागे. डिकीचे घनफळ ४४० लिटरवरून ३१६ लिटरवर आले. हे गणित मुलांना करायला द्यावे. साडेसोळा सेंटिमीटर लांबी, डिकीची रुंदी अंदाजे १३० सेंटिमीटर आणि उंची ५५-५८ सेंटिमीटर धरली की गुणाकार १२० लिटरच्या आसपास येतो. प्रत्यक्षातला फरक १२४ लिटर. शेपूट तुटल्यासारख्या दिसणाऱ्या या गाड्यांवर तेव्हा पुष्कळ टीका झाली. मला मात्र त्यात एक प्रामाणिकपणा वाटतो. कर वाचवण्यासाठी डिकी दिली, पाय पसरायची जागा दिली नाही.

एखाद्या दिशेने वाढ अडवली की ती दुसऱ्या दिशेने होते. अरुंद कुंडीतले झाड उंच जाते तसे झाले. कायद्याने लांबी मोजली, पण उंची आणि रुंदी मोजली नाही. त्यामुळे २०१३ नंतर चार मीटरच्या आत बसणाऱ्या, पण उंच आणि रुंद अशा ‘एसयूव्ही’ गाड्यांची रांग लागली. फोर्ड इकोस्पोर्ट ३९९९ मिलिमीटर, म्हणजे रेघेला नाक टेकवून उभी. ब्रेझा ३९९५ मिलिमीटर लांब आणि १७९० मिलिमीटर रुंद. आज आपण जिला लहान म्हणतो ती हॅचबॅक स्विफ्टसुद्धा १७३५ मिलिमीटर रुंद आहे. वर अ‍ॅम्बेसेडरची रुंदी दिली आहे, ती पुन्हा पाहा. आजची लहान गाडी कालच्या मोठ्या गाडीपेक्षा रुंद आहे! बाजूने होणारी धडक सोसण्यासाठी दरवाजांत पोलादी पट्ट्या आल्या, दरवाजे जाड झाले, हे त्यामागचे एक चांगले कारण. तरीही नव्या पेठेत किंवा मधल्या मारुतीजवळ संध्याकाळी समोरून रिक्षा आली की अडते ती रुंदी, लांबी नव्हे. जुळे सोलापुरातल्या आखीव रस्त्यांवर हा प्रश्न येत नाही. जुन्या पेठांत राहणाऱ्या नातेवाइकांकडे जाताना येतो.

तेव्हा शिक्षककक्षातल्या त्या चर्चेत आकड्यांसह भाग घ्यायचा तर असा घेता येईल. २०२४ मध्ये आलेली स्विफ्ट ३८६० मिलिमीटर लांब आहे आणि त्याच वर्षी आलेली डिझायर ३९९५ मिलिमीटर. दोघींच्या आसांमधले अंतर २४५० मिलिमीटर, रुंदी १७३५ मिलिमीटर, एंजिन ११९७ सीसीचे. म्हणजे माणसांच्या वाट्याला येणारी लांबी-रुंदी जवळजवळ सारखी. फरक आहे साडेतेरा सेंटिमीटरचा, आणि डिकीचा: २६५ लिटर विरुद्ध ३८२ लिटर. पाच माणसे बसवून वर बॅगा न्यायच्या असतील तर या ११७ लिटरना अर्थ आहे. महिन्यातून एकदा दोघांनीच जाऊन कूलर, शिवणयंत्र किंवा रोपांच्या कुंड्या आणायच्या असतील तर हॅचबॅकचे मागचे आसन दुमडणे त्याहून उपयोगाचे. डिकीचा आकडा ठरलेला असतो, हॅचबॅकची जागा लवचीक असते. दुकानदार हा भेद सहसा सांगत नाही, कारण त्याला दोन्हींतली महाग गाडी विकायची असते.

यापुढची पायरी म्हणजे चार मीटरची रेघ खरोखर ओलांडणारी गाडी. इथे कराचा हिशेब मोठा होतो. वस्तू व सेवा कर २०१७ मध्ये आला, तरी २००६ ची व्याख्या तशीच राहिली. लहान पेट्रोल गाडीवर २८ टक्के कर आणि १ टक्का उपकर, त्यावरच्या गाड्यांवर उपकर बराच जास्त. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला आणि लहान गाड्यांवर १८ टक्के, बाकीच्यांवर ४० टक्के असे दोनच दर उरले. समजा करापूर्वीची किंमत ८,००,००० रुपये आहे. गाडी ३९९५ मिलिमीटरची असेल तर करासह ९,४४,००० रुपये. तीच गाडी ४००५ मिलिमीटरची असेल तर ११,२०,००० रुपये. करंगळीच्या रुंदीएवढ्या दहा मिलिमीटरना १,७६,००० रुपये पडले, म्हणजे मिलिमीटरला १७,६०० रुपये. एवढा महाग पत्रा जगात दुसरीकडे कुठे नसावा! म्हणूनच रेघेच्या जरा पलीकडे, ४०१० किंवा ४०५० मिलिमीटरच्या गाड्या दिसत नाहीत. कर द्यायचाच तर कंपन्या सव्वाचार-साडेचार मीटरपर्यंत उडी घेतात, आणि मधली मापे ओस पडतात. खरे तर एखाद्या कुटुंबाला ४१०० मिलिमीटरची गाडीच सर्वांत सोयीची असू शकेल. ती त्याला मिळणार नाही.

याच व्याख्येने जुन्या गाड्या मोजून पाहिल्या तर? प्रीमियर पद्मिनी ३.९३ मीटर आणि १०८९ सीसी. दोन्ही अटींत बसते, १८ टक्के. अ‍ॅम्बेसेडर ४.३ मीटर आणि १४८९ सीसी. पेट्रोल गाडी म्हणून दोन्ही अटींत नापास, ४० टक्के. सोलापूरच्या वालचंदांच्या कंपनीने १९५४ मध्ये निवडलेली गाडी अर्धशतकानंतर आखलेल्या रेघेच्या आत सात सेंटिमीटर राखून उभी आहे. तिचे उत्पादन एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर थांबले. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली.

विजेवर चालणाऱ्या मोटारींना मात्र ही रेघ लागू नाही. त्यांच्यावर लांबी कितीही असली तरी ५ टक्के कर आहे आणि सीसी मोजायला त्यांच्यात एंजिनच नाही. मोटर लहान असते, बॅटरी तळाशी पसरून ठेवता येते, त्यामुळे आस दूर दूर नेता येतात आणि चार मीटरच्या गाडीतही पूर्वीच्या साडेचार मीटरच्या गाडीएवढी बैठक देता येते. इसिगोनिसने एंजिन आडवे करून जे मिळवले, ते इथे एंजिन काढूनच मिळते. जुळे सोलापुरात अशा गाड्या दिसू लागल्या आहेत. पुढच्या वेळी एखादी शाळेच्या आवारात उभी असेल तर मुलांना मोजपट्टी घेऊन पाठवावे आणि तीन मापे घ्यायला सांगावी: एकूण लांबी, दोन आसांमधले अंतर आणि रुंदी. शेजारी पेट्रोलची गाडी असेल तर तिचीही घ्यावी, आणि आसांमधल्या अंतराला एकूण लांबीने भागून दोन्ही उत्तरे फळ्यावर लिहावीत.